मक्तेदारीविना एक पाऊल

शोधकाला काही वर्षांची मक्तेदारी द्यावी व मोबदल्यात त्याने आपली कृती जगापुढे उघड करावी, हा पेटंटामागील जुना करार होय. आमच्या जयपुरातील सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचे कृत्रिम पाऊल घडविले. त्याचे पेटंट मात्र घेतले नाही. उकिडवे बसता यावे, अनवाणी शेतात जाता यावे, असे ते पाऊल कोणाही कारागिरास मोकळे राहिले. परवाना नाही, स्वामित्वधन नाही. म्हणून किंमतही अल्प. परंतु मालकच नसल्याने दर्जाची जबाबदारीही कोणा एकाची उरली नाही.

औषधाच्या संशोधनास मोठे भांडवल लागते. तेथे मक्तेदारी हवी, पण अंकुशासह. १९७० च्या कायद्यातील सक्तीच्या परवान्याची तरतूद २०१२ साली मुंबईत प्रथम वापरली गेली. महिन्याला सुमारे २,८०,००० रुपयांना मिळणारे सोराफेनिब हे कर्करोगावरील औषध दुसऱ्या कंपनीने ८,८८० रुपयांत द्यावे, आणि पेटंटधारकास ६ टक्के स्वामित्वधन मिळावे, असा तो निर्णय होता.

शोधकाचा हक्क खरा. पण थांबलेल्याला चालते करणे, हेच त्या हक्काचे प्रयोजन.