‘दान’ शोधले आणि ‘दोन’ सापडले : खेळांच्या नोंदींची एक गोष्ट

धाराशिव जिल्ह्यातील उमरग्याहून पूर्वेला निघाले की थोड्याच अंतरावर, कर्नाटकाच्या हद्दीत, बसवकल्याण लागते. हेच चालुक्यांचे कल्याण. तिसरा सोमेश्वर (११२६–११३८) येथे राज्य करीत असताना, शके १०५१ च्या सुमारास, त्याच्या नावे ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. मराठीचे जुने नमुने शोधणारे अभ्यासक त्यातील मराठी ओळींसाठी त्याच्याकडे वळतात. खेळांच्या इतिहासातील त्याच्या स्थानाची चर्चा मात्र त्या मानाने फारच थोडी होते.

ग्रंथात पाच विंशती आहेत, प्रत्येकीत वीस अध्याय. शेवटची क्रीडाविंशती. चतुरंग, फासे, कवड्या यांचे खेळ तेथे नोंदलेले आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत १९२५ पासून श्रीगोंदेकरांच्या संपादनाखाली तो छापला जाऊ लागला आणि राजदरबारची ही खेळनोंद प्रथमच सर्वांच्या हाती आली.

पण ग्रंथाचा नायक राजा आहे, म्हणून नोंदही राजाच्या रंजनाची आहे. शिवाय प्रत्येक जुन्या खेळनोंदीत एक पोकळी असते. खेळणाऱ्यांना जे ठाऊकच आहे, ते लिहावे असे लिहिणाऱ्याला वाटत नाही. पट उरतो, सोंगट्या उरतात. किती कवड्या उताण्या पडल्या म्हणजे पुन्हा खेळायचे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर निघून जाते. कधी नियमाचा तुकडा भलत्याच जागी टिकतो. ‘पोबारा करणे’ म्हणजे पळून जाणे, हे सर्वांना माहीत आहे. तो ‘पोबारा’ मुळात फाशांच्या डावातले एक आणि बारा असे दान होता. भाषेने जपले, पण खेळ मात्र विसरला गेला.

ही पोकळी संगणकाने भरता येईल का, असा प्रश्न २०१८ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठात कॅमेरॉन ब्राउन यांच्या ‘डिजिटल लुडीम’ प्रकल्पाने हाती घेतला. २०२३ पर्यंत चाललेल्या या कामातून ‘लुडी’ ही प्रणाली तयार झाली. हजाराहून अधिक खेळ तीत साध्या मजकुराच्या फायलींत लिहिले आहेत: पट कसा, सोंगट्या किती, चाल कोणती, जिंकणे कशाला म्हणायचे. एकाच खेळाचे अनेक नियमसंच शेजारीशेजारी ठेवता येतात, ही तिची सर्वांत शहाणपणाची बाब. सारीपाट घरोघरी निराळा खेळला जातो. त्यातला एक ‘खरा’ ठरवून बाकीचे पुसणे म्हणजे इतिहासाची हानीच.

तरीही ही नोंद दूरच्या यंत्रावर, दुसऱ्यांच्या निकषांनी रचलेली आहे. गावातल्या खेळांची नोंद गावातच ठेवायची तर स्वतःच्या संगणकावर चालणारे दालन हवे, आणि ते उभारणे आज अवघड नाही. ‘एस्क्यूलाइट’ची एक फाइल आणि ती ब्राउझरमध्ये उघडून दाखवणारे सायमन विलिसन यांचे ‘डेटासेट’ हे मुक्त साधन (२०१७) एवढ्यावर भागते. आज्ञा दिली की १२७.०.०.१ या पत्त्यावर, ८००१ क्रमांकाच्या पोर्टवर, सारणी उघडते. इंटरनेट नसले तरी चालते. रकान्यांची मराठी वर्णनेही वेगळ्या फाइलीत लिहून जोडता येतात.

खरी अडचण शोधात येते. एस्क्यूलाइटच्या एफटीएस-५ या शोधसोयीत शब्द तोडण्याची जी पद्धत मुळात लावलेली असते, ती अक्षरे आणि अंक एवढेच शब्दाचे घटक मानते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना ती विरामचिन्हासारखी वागवते. ‘दान’चे तुकडे होतात ‘द’ आणि ‘न’. ‘दोन’, ‘दिन’, ‘दीन’ यांचेही तेच. फाशांचे दान शोधणाऱ्यापुढे दोनाचा पाढाही येऊन बसतो! उपाय एका ओळीचा आहे: सारणी बनवताना ‘युनिकोड६१’च्या ‘कॅटेगरीज’मध्ये ‘एमसी’ आणि ‘एमएन’ हे चिन्हवर्ग वाढवायचे. परंतु ती ओळ लिहावी लागते. आपल्या लिपीसाठी ती आपोआप लिहिली जात नाही.

धाराशिवसाठी रकानेही निराळे हवेत. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मराठीबरोबर दख्खनी, कन्नड, लमाणी येथे बोलल्या जातात. एकाच खेळाला चार नावे असतील, तर नावांची सारणी स्वतंत्र ठेवून खेळाच्या क्रमांकाशी जोडावी लागते. त्याशिवाय गाव, सांगणाऱ्याचे वय, नोंदीचा दिवस, खेळ कोणत्या सणाला आणि कोणी खेळायचा, कवड्या किती आणि कशा मोजायच्या. नियमाचा रकाना शेवटी, आणि त्यात सांगणाऱ्याचेच शब्द. सोमेश्वराच्या ग्रंथात ज्यांना जागा मिळाली नाही, ते याच रकान्यातून बोलतील.