मागचा ब्रेक मंद लागणे (जुनी पिकअप)

मालवाहू पिकअपचे पुढचे ब्रेक पकडतात, पण मागची चाके वेळेवर थांबत नाहीत, असा दोष. जुन्या बोलेरो पिकअप, टाटा २०७ अशा गाड्यांत तो सर्रास आढळतो. यांपैकी बहुतेकींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतो.

अमरावतीहून परतवाडा आणि दर्यापूरकडे जाणारे रस्ते वलगावात फुटतात. संत्रा, कपाशी, तूर वाहणाऱ्या पिकअपची ही रोजची वाट. गाडी रिकामी असताना ब्रेकचे बहुतेक काम पुढची चाकेच करतात, त्यामुळे दोष लपून राहतो. मागे संत्र्याचे क्रेट चढले की तो उघडा पडतो, आणि पुढचे पॅड वारंवार का संपतात याचाही उलगडा होतो.

तपासणीची सुरुवात हँडब्रेकपासून करावी. बहुतेक पिकअपमध्ये तो मागच्याच लायनरवर चालतो. हँडब्रेक गाडी नीट धरतो आणि पायाचा ब्रेक मात्र कमी पडतो, तर लायनर-ड्रम बहुधा ठीक असून अडचण ब्रेक ऑइलच्या वाटेत आहे. दोन्ही ढिले असतील तर ड्रम उघडावा. एवढे न करता थेट मास्टर सिलिंडर बदलणे म्हणजे पैसे वाया घालवण्याची खात्रीची रीत!

पेडलही बरेच सांगते. दुसऱ्यांदा दाबल्यावर ते वर येत असेल तर लायनर आणि ड्रम यांत अंतर वाढले आहे. स्पंजसारखे लागले तर लाइनमध्ये हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेलेले. पेडल कडक असून गाडी थांबत नसेल, तर बूस्टर पाहावा: इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबावे, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले नाही, तर व्हॅक्यूम पंप, त्याचा पाइप किंवा बूस्टर दोषी.

वऱ्हाडात सगळ्यात कमी पाहिला जाणारा भाग म्हणजे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. तो चासीला बसवलेला असतो आणि त्याचा दांडा मागच्या एक्सलच्या हाउसिंगला जोडलेला असतो. माल भरला की चासी खाली बसते, दांडा हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. जास्त माल नेता यावा म्हणून मालक कमानीत एक-दोन पाटे वाढवतात. मग गाडी भरली तरी चासी पुरेशी बसत नाही आणि व्हॉल्व्ह तिला रिकामीच समजतो. भर ओझ्याखाली मागचा ब्रेक नेमका इथे कमी पडतो. काही जण दांडा तारेने वर बांधून टाकतात. हा उपाय दोषापेक्षा वाईट: रिकाम्या गाडीची मागची चाके ओल्या रस्त्यावर जाम होतात आणि शेपूट फिरते. वाढीव पाटे काढून दांडा कंपनीच्या मापाने बसवणे हाच खरा इलाज.

ड्रमच्या आत नेहमीचे गुन्हेगार तीन. काळ्या मातीचा चिखल आणि धूळ यांनी जाम झालेला अॅडजस्टर. अडकलेला किंवा गळका व्हील सिलिंडर. आणि एक्सलचे ऑइल सील फुटून गिअर ऑइलने भिजलेले लायनर. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नयेत. सील बदलून दोन्ही चाकांचे लायनर एकदमच बदलावेत. ड्रम लेथवर कातताना त्यावर कोरलेले कमाल माप ओलांडू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून आतली धूळ हवेने उडवणे टाळावे.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना २०५ अंश सेल्सियस, ओलावा धरल्यावर १४० पर्यंत उतरतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना तापलेल्या ड्रमशेजारी ते उकळले की पेडल रिकामे जाते. घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइल कधीही ओतू नये. रबरे फुगून सगळी यंत्रणा निकामी होते.

ड्रम ब्रेक लुई रेनो यांनी १९०२ मध्ये मोटारीत आणला. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मोटारीत आले. भारतात ब्रेकसंबंधी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ मध्ये आहे, आणि आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावे लागते.