पाचाच्या बटणाची कुळकथा

साध्या की-पॅडच्या मोबाइलवर मधोमध पाचाचं बटण असतं. ते दाबून धरलं की फोन आपोआप ११२ या आपत्कालीन क्रमांकाला लागला पाहिजे, असा केंद्र सरकारचा नियम आहे. काही फोनांत पाचाऐवजी नवाचं बटण, आणि स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा. २०१६ साली हा नियम निघाला आणि १ जानेवारी २०१७ पासून विकायच्या नव्या फोनांना लागू झाला. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर बायकांच्या सुरक्षिततेचा जो विचार सुरू झाला, त्यातून हे बटण आलं. न्हाणीत पाय घसरून पडलेली सत्तरीची बाई ते बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नव्हती. आज मात्र किन्हीराजासारख्या गावात तिच्या सगळ्यात जवळ असलेलं आणि वेगळा पैसा न लागणारं यंत्र हेच आहे.

किन्हीराजा वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर. सोयाबीन, तूर, कपाशीचा हा मुलूख. पोरं शिकून पुण्याला, नाहीतर चाकण-वाळूजच्या कंपन्यांत. घरी दोघं म्हातारी, पुढं दोघांतलं एक. अशा घरातलं पडणं हा आता फोनवरचा प्रश्न झाला आहे. पोरगा सकाळी फोन लावतो, रिंग वाजत राहते, आणि शेकडो किलोमीटरवर त्याच्या पोटात गोळा येतो.

पूर्वी या कामाला यंत्र लागत नव्हतं, कारण हाक पुरायची. कुडाची नाहीतर मातीची घरं, भिंतीला भिंत, ओसरीवर दिवसभर कुणी ना कुणी. म्हातारी पडली की ‘पडली व माय’ एवढं शेजारी ऐकू जायचं आणि शेजारीण हातातलं टाकून यायची. पुढं पोरांनी कमावलेल्या पैशातून घरं पक्की झाली. स्लॅब पडला, न्हाणीचं बाथरूम झालं, खाली गुळगुळीत टाइल्स बसल्या आणि लोखंडी दाराला आतून कडी आली. घर सुधारलं यात वाद नाही, पण पडण्याची सोय वाढली आणि हाक बाहेर जाण्याची वाट बंद झाली. ही तक्रार कुणी करत नाही. टाइल्स लेकानं हौसेनं बसवलेल्या असतात ना!

हाकेच्या जागी यंत्र आणण्याची कल्पना युरोप-अमेरिकेत निघाली, कारण एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा प्रश्न तिकडं आधी पेटला. जर्मनीत विल्हेल्म होरमान यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घरातून मदत मागायची यंत्रणा काढली. त्याच सुमाराला अमेरिकेत बोस्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिबनर यांना दाढी करताना ही कल्पना सुचली, असं ते सांगत. पत्नी सुसान यांच्यासोबत १९७४ मध्ये त्यांनी ‘लाइफलाइन’ नावाची कंपनी काढली. गळ्यात किंवा मनगटावर एक बटण. ते दाबलं की घरातल्या टेलिफोनला जोडलेली पेटी आपणहून रुग्णालयात फोन लावायची. त्या पेटीत एक घड्याळही होतं. ठरलेल्या वेळात घरातून काहीच हालचाल कळली नाही, तर बटण न दाबताही इशारा जायचा. बेशुद्ध पडलेला माणूस बटण दाबत नाही, हे मानसशास्त्रज्ञाला आधीच उमगलं होतं.

पण डिबनरांच्या योजनेतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग विजेवर चालत नव्हता. बटण घेणाऱ्यानं आपल्याकडे धावून येतील अशा ओळखीच्यांची, शेजाऱ्यांची नावं आधी लिहून द्यायची. इशारा आला की रुग्णालयातला माणूस आधी म्हाताऱ्याला फोन करी. तो उचलला गेला नाही की शेजाऱ्याला. घराची किल्ली शेजाऱ्याकडे. म्हणजे तारेच्या एका टोकाला बटण आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा शेजारीणच. यंत्रानं हाक फक्त लांबवली.

पडण्यापेक्षा पडून राहणं वाईट, हे डॉक्टरांनी आकड्यांत मांडायला आणखी काही वर्षं गेली. येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की पडूनही इजा न झालेल्या वृद्धांतल्या ४७ टक्के लोकांना निदान एकदा तरी मदतीशिवाय उठता आलं नव्हतं. हाड मोडलेलं नाही, तरी माणूस जमिनीवरच. तासन् तास तसंच राहिलं की दबलेले स्नायू खराब होतात आणि त्यांतून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंडांवर जातात, पाठीला जखमा होतात, अंगातलं पाणी कमी होतं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात हे शेवटचं किती लवकर होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

मग प्रत्येकाच्या गळ्यात बटण घातलं की झालं? २००८ मध्ये ब्रिटनमधल्या केंब्रिज इथल्या नव्वदीपुढच्या वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या अनेकांकडे असं बटण होतं. तरी एकटं असताना पडून उठता न आलेल्यांतल्या बहुतेकांनी ते वापरलं नाही. कुणी ते अंगावर घातलेलंच नव्हतं, तर कुणाला त्रास द्यायचा नव्हता. ‘कशाला उगाच लोकाइले तकलीफ’ हे वाक्य काही फक्त वऱ्हाडीत बोललं जात नाही. त्यात अमेरिकेत १९८० च्या दशकाअखेर ‘लाइफकॉल’ कंपनीची एक जाहिरात आली, त्यात म्हातारी जमिनीवरून ‘मी पडलेय, मला उठता येत नाही’ असं ओरडते. ते वाक्य लोकांनी विनोदाला वापरलं आणि अनेक वर्षं त्यावर हसले. ज्या वस्तूची टिंगल होते ती कोण अंगावर मिरवेल?

म्हणून बटण न दाबता पडणं ओळखणारं यंत्र हवं झालं. त्याचा जीव म्हणजे वेगातला फरक मोजणारी चिप. ती स्वस्त झाली मोटारींमुळे: टक्कर झाली की एअरबॅग फुगवायला कारखान्यांना ती लाखोंनी लागत होती. तीच पुढं मोबाइलमध्ये आणि ज्येष्ठांसाठीच्या यंत्रांतही आली. खाली पडताना क्षणभर वजन नाहीसं झाल्यासारखं वाटतं, मग जोराचा धक्का, मग शांतता. एवढी खूण यंत्र शोधतं. २०१८ मध्ये ॲपलच्या घड्याळात ही सोय आली. पडल्यावर माणूस मिनिटभर हलला नाही, तर घड्याळ आपणच आपत्कालीन क्रमांक लावतं. आपल्याकडे अडचण दोन्ही बाजूंनी आहे. म्हातारी माणसं पुष्कळदा धाडकन पडत नाहीत. बाजेवरून घसरतात, भिंतीला धरत धरत खाली बसतात, आणि यंत्राला काही कळत नाही. उलट जमिनीवर धपकन मांडी घालून बसायची आपली सवय यंत्राला पडण्यासारखी वाटू शकते. किंमत तर बोलूच नये. त्या घड्याळाच्या पैशात घरच्या सगळ्या न्हाण्यांना धरायचे दांडे बसतात.

किन्हीराजाच्या बाजूनं ही वंशावळ वेगळ्या वाटेनं आली. १९८० च्या दशकात सी-डॉट या सरकारी संस्थेनं ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज बनवलं, गावोगावी पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले. २००३ मध्ये मोबाइलवर येणारा कॉल फुकट झाला आणि मिस्ड कॉलला भाषा आली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर. कुठल्याही कंपनीनं न काढलेली ही खूण होती, आणि आईवडील ती पटकन शिकले. बटणाची सवय तिथंच लागली.

धावून जाणारी गाडी त्यानंतर आली. १०८ क्रमांकाची सेवा २००५ मध्ये हैदराबादेत सुरू झाली. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ ला ९३७ रुग्णवाहिकांनिशी ती उभी राहिली. त्यांतल्या २३३ मध्ये गंभीर रुग्णाला लागणारी सगळी साधनं होती. तिचं नियंत्रण केंद्र पुण्यात औंधला. किन्हीराजातून लावलेला १०८ पुण्यात उचलला जातो, आणि गाडी जवळच्या ठिकाणाहून निघते. ११२ महाराष्ट्रात २०२१ पासून चालतो. तो पोलिसांकडे असून त्याची केंद्रं नवी मुंबईत आणि नागपुरात आहेत. वृद्धांसाठीची १४५६७ ही एल्डरलाइन वेगळी. ती सल्ला आणि आधार देते, कुणी जमिनीवर पडलेलं असताना लावायचा नंबर तो नव्हे.

या सगळ्यांत शेजाऱ्याची किल्ली मात्र गळाली. डिबनरांच्या पेटीनं ती जपली होती; आपल्या बटणानं थेट सरकारला हाक मारली. पन्नास पावलांवर चुलतभावाचं घर असताना निरोप आधी शेकडो किलोमीटर दूर जातो, हे मला पटत नाही. रुग्णवाहिका लागेल तेव्हा लागेल. पहिली पाच मिनिटं दार उघडणाऱ्याची असतात.

म्हणून यंदा दिवाळीत गावी जाल तेव्हा नवं घड्याळ नेलं नाही तरी चालेल. आईच्या फोनात दोनच्या बटणावर शेजारच्या काकूचा नंबर भरा, तिनाच्या बटणावर १०८. तिच्याकडून ते दाबवून घ्या, एकदा नव्हे, जमिनीवर बसूनही. फोन गळ्यातल्या दोरीला किंवा कमरेच्या पिशवीत, न्हाणीत जाताना प्लास्टिकच्या पिशवीत. पाचाचं की नवाचं ते फोनच्या पुस्तिकेत बघा. गंमत म्हणून ११२ लावू नका. घराची एक किल्ली काकूकडे ठेवा. आणि परत निघण्याआधी बाथरूमची आतली कडी काढून टाका. त्याला स्क्रूड्रायव्हर पुरतो.