जीप आली, बाजूला व्हा!

आमच्या निमोण्यात लहानपणी गाड्या मोजता येत असत. शिरूर तालुक्यातलं हे कोरडवाहू गाव. सकाळी एस.टी., संध्याकाळी एस.टी., हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि बाकी सगळा कारभार पायी किंवा सायकलवर. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या बायका-माणसांनी रोजगारासाठी खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि रस्ते केले. माझ्या मित्राचे वडील त्याच कामावर होते. रस्ता झाला याचा गावाला कोण आनंद! त्या रस्त्यावरून वेगाने काय येईल, याचा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला नव्हता.

१९७४ च्या हिवाळ्यातली ती संध्याकाळ मला अजून आठवते. दळण घेऊन आम्ही दोघे सायकलवरून परतत होतो. मित्र सायकल मारत होता, मी कॅरिअरवर पिठाचा डबा धरून बसलो होतो. दिवेलागणीची वेळ. आमच्या सायकलला दिवा नव्हता, हेही कबूल करतो. मागून पोलिसांची जीप भरधाव आली. हॉर्न ऐकून मित्राने सायकल खाली घातली, पण जीपचा धक्का लागलाच. मी बाभळीच्या झुडपात पडलो. मित्राचा पाय सायकलच्या दांडीखाली सापडला. जीप थांबली नाही. कुठल्या ठाण्याची होती, नंबर काय होता, ते आम्ही पाहिलंही नाही. रस्त्यावर सगळं पीठ सांडलं होतं आणि घरी मार बसेल, ही त्या क्षणी आमची सर्वांत मोठी काळजी होती.

मित्राचा पाय पुढे नीट जुळला नाही. तो आयुष्यभर लंगडत चालला. तक्रार करावी का, असा विषय त्याच्या ओट्यावर निघाला तेव्हा एक म्हातारबाबा म्हणाले, "अरे, पोलिसांची तक्रार पोलिसांकडंच करायची का? सरकारची गाडी म्हणजे सरकारच अंगावरून गेलं असं समजायचं." सगळ्यांना ते पटलं. विषय तिथेच संपला.

पुढे इतिहास शिकवण्याचा व्यवसाय पत्करला तेव्हा त्या वाक्याने माझा पिच्छा सोडला नाही. सरकार अंगावरून गेलं तर खरोखरच कोणाला जाब विचारता येत नाही का? मी जुने निकाल चाळू लागलो आणि एक मोठी रंजक गोष्ट हाती लागली. तिची सुरुवात एका घोड्यापासून होते.

कोलकात्याजवळ खिदिरपूरला सरकारी गोदी होती. तिथले मजूर बोटीच्या दुरुस्तीसाठी लोखंडाचा एक अवजड तुकडा उचलून भर रस्त्यातून नेत होते. समोरून एका जहाज कंपनीची दोन घोड्यांची बग्गी आली. गाडीवान ओरडला. मजूर गडबडले आणि त्यांनी लोखंड तिथेच टाकलं. त्या आवाजाने घोडे बुजले आणि एक घोडा लोखंडावर आदळून जखमी झाला. कंपनीने सरकारकडे ३५० रुपये भरपाई मागितली. १८६१ साली निकाल लागला आणि सरकार हरलं. पण न्यायालयाने एक भेद करून ठेवला. जे काम एखादा खासगी माणूसही करू शकेल, त्यात चूक झाली तर सरकारने भरपाई द्यावी. जे काम फक्त राज्यकर्ताच करू शकतो, त्यासाठी सरकारला कोर्टात खेचता येणार नाही. बोट दुरुस्त करणं हे पहिल्या प्रकारचं काम, म्हणून घोड्याला न्याय मिळाला. पण त्याच निकालाने सरकारच्या हाती एक ढालही दिली. योगायोग असा, की देशाचा पोलिस कायदाही त्याच १८६१ सालचा.

त्या काळी पोलिसांच्या वेगाचा प्रश्न नव्हता. फौजदार घोड्यावरून यायचा, शिपाई पायी यायचा. १८६० च्या दंडसंहितेत रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याला शिक्षा सांगितली होती. कलम २७९ ते हेच. ते लिहिताना डोळ्यांसमोर होते टांगेवाले आणि घोडेस्वार. हयगयीने मृत्यू घडवण्याचं ३०४-अ हे कलम १८७० मध्ये आलं. मोटार आली ती त्यानंतर. १८९६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपाशी एक बाई मोटारीखाली सापडून मेली. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या मोटारीने घेतलेला पादचाऱ्याचा तो पहिला बळी मानतात. असं पुन्हा कधी न घडो, अशी आशा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तेव्हा व्यक्त केली होती! आपल्याकडे देशभरासाठी पहिला मोटार कायदा १९१४ साली झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आली आणि कलेक्टर, मामलेदार, फौजदार सगळे तिच्यावर स्वार झाले.

आता उदयपूरला चला. तारीख ११ फेब्रुवारी १९५२. कलेक्टरसाहेबांची जीप दुरुस्तीला गेली होती. सरकारी ड्रायव्हर ती कारखान्यातून परत आणत होता. रस्त्याच्या कडेने, पायवाटेवरून चाललेल्या एका माणसाला त्याने उडवलं. तीन दिवसांनी तो माणूस इस्पितळात गेला. मागे विधवा आणि तीन वर्षांची मुलगी. त्या बाईने ड्रायव्हरवर आणि राजस्थान सरकारवर दावा लावला. खालच्या कोर्टाने ड्रायव्हरला दोषी धरलं, सरकारला सोडून दिलं. बाई उच्च न्यायालयात गेली आणि जिंकली. मग सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. जीप कलेक्टरच्या कामासाठी होती, म्हणजे ते राज्यकारभाराचं काम, असा सरकारचा युक्तिवाद. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांच्या न्यायपीठाने १९६२ साली तो फेटाळला. प्रजासत्ताकात इतर कोणत्याही मालकाप्रमाणे सरकारनेही आपल्या नोकराच्या हयगयीची भरपाई द्यावी, असं ठरलं. भरपाई १५ हजार रुपये. दहा वर्षं लागली. तीन वर्षांची मुलगी तेरा वर्षांची झाली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण दोनच वर्षांनी काटा उलटा फिरला. मेरठच्या पोलिसांनी १९४७ मध्ये एका व्यापाऱ्याचं सोनं संशयावरून जप्त केलं होतं. ठाण्यातल्या हवालदाराने ते पळवलं आणि तो पाकिस्तानात निघून गेला. व्यापाऱ्याने सरकारकडे सोन्याची किंमत मागितली. सप्टेंबर १९६४ मध्ये निकाल दिला तो आपल्या मराठी सरन्यायाधीशांनी, प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. अटक आणि जप्ती ही पोलिसांची कामं राज्यसत्तेची, म्हणून सरकार जबाबदार नाही, असं त्यांना म्हणावं लागलं. पण ही स्थिती समाधानकारक नाही, संसदेने कायदा करावा, असंही त्यांनी त्याच निकालात लिहून ठेवलं. १९६५ आणि १९६७ मध्ये तशी विधेयकं आलीही. दोन्ही कायदा न होताच बारगळली.

मग जो पोलिस आरोपी पकडायला जीप पळवतो, त्याने वाटेत कोणाला उडवलं तर? ते राज्यसत्तेचं काम की साधं गाडी चालवणं? या पेचाला आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने साठच्या दशकातच वळण दिलं. लष्कराचा एक ट्रक कारखान्यातून तोफखाना विद्यालयाकडे एक यंत्र घेऊन चालला होता. वाटेत ट्रकखाली एक सायकलस्वार गेला. लष्कर म्हणजे राज्यसत्तेचा कणा, असा सरकारचा बचाव. न्यायालयाने विचारलं ते सरळच होतं: यंत्र एका जागेहून दुसरीकडे नेणं हे कोणीही करू शकतं, त्यात राज्यसत्ता कुठली? सरकारला जबाबदार धरण्यात आलं. सायकलस्वाराच्या घरच्यांचा हक्क मान्य झाला.

श्रोतेहो, हे वाचताना मी बराच वेळ गप्प बसलो. आमच्या निमोण्याच्या ओट्यावर "सरकारच अंगावरून गेलं" असं आम्ही म्हणत होतो, तेव्हा उदयपूरचा निकाल लागून बारा वर्षं झाली होती. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण नेमण्याची सोयही झाली होती. अर्ज करायला सहा महिन्यांची मुदत होती. हक्क होता; आमच्यापर्यंत तो कोणी आणून पोचवला नव्हता. आम्हाला फक्त एवढंच ठाऊक होतं, की जीप आली की बाजूला व्हायचं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तुमच्या-माझ्या मोटारसायकलला विमा सक्तीचा आहे. पण १९८८ च्या कायद्यात सरकारच्या मालकीच्या, धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या गाड्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे पोलिसांच्या गाडीने अपघात केला, तर भरपाईसाठी विमा कंपनी उभी असेलच असं नाही. ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्याच खिशातून जाते. वेगाची किंमत शेवटी जनताच मोजते, एकदा अंगावर आणि एकदा करातून.

वेगाचं गणितही साधं आहे. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ८० ने जाणारी २२ मीटर. पुढे म्हातारी दिसली, पाय ब्रेकवर गेला, गाडी थांबली, याला कोरड्या रस्त्यावर पहिल्या गाडीला साधारण २० मीटर लागतात आणि दुसरीला ६० च्या पुढे. वेग दुप्पट, अंतर तिप्पट आणि धडकेचा जोर चौपट! सायरन आहे ना, असं कोणी म्हणेल. पण ज्याला कमी ऐकू येतं, त्याचं काय? सायरनने बुजलेल्या बैलाचं काय? लहान मूल तर सायरन ऐकून पळतं ते नेमकं आईकडे, म्हणजे पुष्कळदा रस्त्याच्या पलीकडे.

पोलिसांची बाजूही सांगायला हवी. मदतीसाठी फोन करणारी बाई जीव मुठीत धरून बसलेली असते. तिच्याकडे पोलिस सावकाश गेले तर आपणच त्यांना शिव्या देऊ. आपल्या तालुक्यात अंतरं लांबची, माणसं थोडी, ड्युटी लांबलचक आणि वरून सारखी विचारणा, "पोचलात का?" वेगाने जाताना पोलिसही मरतात. त्यांच्याही घरी बायका-मुलं असतात. म्हणून प्रश्न पोलिसांना शहाणपण शिकवण्याचा नाही, चालवायला शिकवण्याचा आहे. लंडनच्या पोलिसांनी १९३०च्या दशकातच हेंडन इथे चालकांची शाळा काढली आणि शिकवायला शर्यतीच्या मोटारी चालवणारे लॉर्ड कॉटनहॅम आणले. शर्यतवाल्याने शिकवलं काय? तर पुढचा धोका आधी ओळखा, मग वेग ठरवा. १९५५ मध्ये तिथल्या पोलिस चालकांच्या पद्धतीचं पुस्तकही छापलं गेलं.

आपल्याकडेही २०१७ च्या नियमांनी अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि पोलिस यांना तातडीच्या वेळी अग्रक्रम दिला, पण इतरांच्या सुरक्षिततेची जबाबदारी चालकावरच ठेवली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. हयगयीने मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. गणवेशाला यातून सूट नाही.

कोणावर अशी वेळ येऊच नये. पण आलीच, तर आधी जखमीला दवाखान्यात न्या आणि गाडीचा नंबर व वेळ लिहून ठेवा. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. तो लवकरात लवकर लावावा. गाडी सापडलीच नाही, तरी २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजार रुपयांची तरतूद आहे.

माझा मित्र आता नाही. शेवटच्या काही वर्षांत एकदा मी त्याला ही उदयपूरच्या बाईची गोष्ट सांगितली होती. त्याने शांतपणे ऐकून घेतली. मग आपल्या पायाकडे बघत म्हणाला, "गड्या, भरपाईचं जाऊ दे. ती जीप थांबली असती ना, तरी पुरे होतं."