लोकनायक अणे : एका वकिलाचे राजकारण

वऱ्हाडचा प्रतिनिधी मध्यवर्ती कायदेमंडळात मतदारांच्या कौलाने जात असे. परंतु कागदोपत्री तो निवडून आलेला नसे, सरकारने नेमलेला असे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात आणि १९०२ पासून त्यांच्याकडे कायमच्या पट्ट्याने असला, तरी त्यावरील सार्वभौमत्व निजामाचे मानले जाई. ब्रिटिश हिंदुस्थानात न मोडणाऱ्या मुलखाला रीतसर मतदारसंघ देता येत नव्हता. म्हणून लोकांनी निवडावे आणि गव्हर्नर जनरलने त्याच गृहस्थाला नेमावे, अशी तोड काढण्यात आली. १९२४ ते १९३० या काळात ही जागा माधव श्रीहरी अणे यांच्याकडे होती. वस्तुस्थिती एक आणि तिचे कायद्यातील नाव दुसरे, या विसंगतीशी त्यांचा परिचय असा प्रारंभापासूनच होता.

अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. अमरावतीस काही काळ शिक्षकी करून १९०८ मध्ये त्यांनी यवतमाळास वकिली सुरू केली. टिळकांचे ते निष्ठावंत अनुयायी होते. टिळकांच्या मागे असहकारितेचा कार्यक्रम त्यांना पटला नाही. केळकर आणि जयकर यांच्यासह ते प्रतियोगी सहकारितेच्या पक्षात गेले. ‘प्रतियोगी’ या संस्कृत शब्दात जोडीदार आणि प्रतिस्पर्धी असे दोन्ही अर्थ नांदतात, आणि पक्षाचे धोरणही तसेच दुहेरी होते : सरकार जितके देईल तितके सहकार्य, आणि नाकारील तेथे विरोध. टीकाकारांना यात केवळ अधिकारपदांचा मोह दिसला. अणे यांच्यापुरता हा आरोप टिकत नाही. १९२८ मध्ये नेहरू समितीत बसून घटनेचा मसुदा करणारा हा वकील १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून तुरुंगात गेला.

१९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. गांधीजींच्या एकवीस दिवसांच्या उपोषणाच्या वेळी, मे महिन्यात, कायदेभंग सहा आठवडे तहकूब झाल्याची घोषणा त्यांनीच केली. पुढे जुलैत सामुदायिक कायदेभंग बंद करून वैयक्तिक कायदेभंगास मोकळीक देण्याचा आदेशही त्यांच्याच सहीने निघाला. मात्र वर्षभरातच ते कार्यकारिणीबाहेर पडले. १९३२ च्या जातीय निवाड्यासंबंधी जून १९३४ मध्ये कार्यकारिणीने जे धोरण ठरविले, त्याचा आशय निवाड्याचा स्वीकारही नाही आणि अव्हेरही नाही, असा होता. राजकीय तडजोड म्हणून अशा शब्दयोजनेचा उपयोग असतो. निरनिराळ्या मतांच्या लोकांना एका वाक्याखाली उभे करता येते. परंतु वकिलाच्या दृष्टीने अव्हेर न करणे म्हणजे मूक संमती. मालवीय आणि अणे यांनी राजीनामे देऊन काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला. बंगालमध्ये त्याला चांगले यश मिळाले. निवाड्यातील विभक्त मतदारसंघांविरुद्ध त्यांचा युक्तिवाद सुसंगत होता, पण ज्या अल्पसंख्याकांना बहुमताचे भय वाटत होते त्यांना त्यात उत्तर नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

खरी कसोटी पुढेच होती. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला, तेव्हा परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते अणे यांनी स्वीकारले. प्रतियोगी सहकारितेच्या तत्त्वात ते बसणारे होते. पण ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे नेते पकडले गेले तेव्हाही ते मंडळात होते, आणि त्याच महिन्यात यवतमाळालगतच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे लष्कराच्या अत्याचारांच्या कहाण्या उठल्या. सेवाग्रामचे प्रा. भन्साळी नोव्हेंबरात दिल्लीस अणे यांच्या दारी गेले आणि चौकशीची मागणी करून त्यांनी तेथेच उपोषण आरंभिले. अणे यांनी मागणी मान्य केली नाही. सरकारने भन्साळींना अटक करून सेवाग्रामला परत धाडले. त्यांचे उपोषण साठांहून अधिक दिवस चालून जानेवारी १९४३ मध्ये सुटले. खातेनिहाय जबाबदारीची मर्यादा कायद्याने कितीही स्पष्ट असो, आपल्याच भागातील माणसे न्याय मागत असता त्या मर्यादेआड थांबणे हा अणे यांच्या चरित्रातील सर्वांत दुबळा क्षण होय. चरित्रकारांनी तो झाकण्याचे कारण नाही.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान वाड्यात उपोषण सुरू केले आणि सरकार त्यांना सोडण्यास तयार होईना, तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी पदत्याग केला. त्याच वर्षी अणे हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले, हाही भाग विसरता येत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ ते बिहारचे राज्यपाल होते.

वृद्धापकाळी ते पुन्हा मतदारांपुढे उभे राहिले, ते स्वतंत्र विदर्भाच्या मागणीसाठी. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. १९५९ मध्ये नागपूरने अणे यांना पोटनिवडणुकीत लोकसभेवर पाठविले, आणि १९६२ मध्ये पुन्हा. ज्या प्रांताचे वेगळेपण एकेकाळी निजामाच्या पट्ट्यामुळे कायद्यात उरले होते, त्याचा प्रश्न आता लोकांच्या मताने मांडला जात होता. या वेळी त्यांच्या निवडीला नेमणुकीचा शिक्का लागला नाही.

२६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. टिळकचरित्रावरील ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या त्यांच्या संस्कृत काव्याला १९७३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला.