आम्लधर्मी जमिनीत रमणाऱ्या वनस्पती

सातारा व सांगली जिल्ह्यांतील जमिनीचा गुणधर्म पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने बदलत जातो. महाबळेश्वर, जावळी, पाटण व शिराळ्याच्या डोंगराळ भागात तांबडी, जांभ्याची आम्लधर्मी माती आढळते, तर जत, आटपाडीकडे चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमिनी आहेत. मातीचा सामू ७ पेक्षा कमी असल्यास ती आम्लधर्मी समजली जाते. सामू एका अंकाने घटला की आम्लता दहापट वाढते.

घाटमाथ्यावरील मुसळधार पावसाबरोबर मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरतात. अशा मातीत स्फुरद बद्ध होते, तर सामू फारच उतरल्यास ॲल्युमिनियम मुळांना अपायकारक ठरते. तरीही काही वनस्पतींनी याच परिस्थितीशी जुळवून घेतले आहे.

कास पठार हे त्याचे ठळक उदाहरण होय. येथे कातळावर मातीचा अत्यंत पातळ थर आहे. नत्राची उणीव दवबिंदू ही वनस्पती पानांवरील चिकट थेंबांत कीटक पकडून भरून काढते. सीतेची आसवे पाण्यातील सूक्ष्म जीव टिपते. गेंद, तसेच शास्त्रीय नावात साताऱ्याचा उल्लेख असलेला वायतुराही येथे फुलतो. २०१२ मध्ये या पठाराचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. खत, चुना किंवा बाहेरची माती टाकून अशी जमीन 'सुधारली', तर गवत व तण माजून ही फुले हटण्याचा धोका असतो.

पिकांमध्ये नाचणी व भात आम्लता बऱ्यापैकी सहन करतात. २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला साधारण ५.५ ते ६.५ सामू मानवतो. बागेतील अझेलिया, कॅमेलियाही आम्लप्रिय आहेत. हायड्रेंजियाची अनेक वाणे आम्ल मातीत निळी, तर अल्कधर्मी मातीत गुलाबी फुले देतात.

चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना उपलब्ध होत नाही. परिणामी कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. उसावरील हीच लक्षणे शेतकरी 'केवडा' म्हणून ओळखतात. त्यामुळे पूर्व भागातील हौशी बागायतदारांनी आम्लप्रिय झाडे कुंडीत लावून त्यांना शक्यतो साठविलेले पावसाचे पाणी द्यावे. शेतात चुना अथवा गंधक टाकण्यापूर्वी माती परीक्षण करून घेणे आवश्यक आहे.