आजारी कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे ठरवतं कोण? परळच्या 'बैलघोडा'पासून समजून घ्या

परळला टॅक्सीवाल्याला 'बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स' असं सांगून बघा, तो दोनदा विचारेल. 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणा, सरळ दारात नेऊन सोडेल.

१८७४ साली मुंबईत घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली. प्राण्यांचा छळ रोखणारी 'बॉम्बे एसपीसीए' ही संस्थाही त्याच वर्षीची. पुढच्या दहा वर्षांत परळचं हॉस्पिटल उभं राहिलं. गिरणीमालक दिनशॉ पेटिट यांची देणगी, नाव त्यांच्या पत्नीचं. १८८६ मध्ये तिथेच बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं. तेव्हाचे पेशंट म्हणजे गाड्या ओढणारे बैल आणि घोडे, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं. आज दारात रांग कुत्र्या-मांजरांची असते, नाव मात्र तेच आहे.

आता याच परळमधलं दुसरं हॉस्पिटल आठवा, केईएम. अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, इंजेक्शन देऊन माणसाला मृत्यू देता येणार नाही. फार तर कडक अटींवर उपचार थांबवता येतील. कोर्टाने आणखी एक गोष्ट म्हटली. त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क बाहेरून याचिका करणाऱ्यांचा नाही, तर वर्षानुवर्षं त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे.

माणसाच्या डॉक्टरला जे करायला बंदी आहे, ते प्राण्यांच्या डॉक्टरच्या कामाचाच भाग आहे. पण 'याच्या वतीने बोलायचं कोणी' हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम १३ याबद्दल बोलतं. रस्त्यात जबर जखमी जनावर पडलंय, मालक तिथे नाही किंवा तयार नाही. अशा वेळी कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा पोलीस त्या भागातल्या सरकारी पशुवैद्यकाला बोलावतो. 'याला जिवंत ठेवणं हीच क्रूरता आहे' असा दाखला डॉक्टरने दिला, तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने जनावराला मरण देता येतं. म्हणजे एका जिवासाठी पोलीस, डॉक्टर आणि न्यायालय असे तिघे. कागदावर हे चोख आहे, पण कण्याला मार लागलेलं कुत्रं रात्री दोन वाजता सायन रोडच्या कडेला तडफडत असेल, तेव्हा या तिघांची वाट बघायची म्हणजे किती वेळ?

भटक्या कुत्र्यांसाठी वेगळे नियम आहेत, आधी २००१ चे, आता २०२३ चे. बरा न होणारा आजार किंवा जीवघेणी जखम असेल तरच दयामरण, आणि तेही पात्र पशुवैद्यकाच्या तपासणीनंतर. दुसऱ्या कुत्र्यासमोर ते करायचं नाही, अशीही अट आहे.

खरी कोंडी रेबीजची आहे. रेबीजची शक्यता जास्त दिसली तर कुत्र्याला वेगळं ठेवायचं आणि नैसर्गिक मृत्यूची वाट बघायची, असं नियम सांगतात. लक्षणं दिसल्यावर रेबीजचं कुत्रं वाचत नाही, बहुतेक वेळा दहा दिवसांच्या आत जातं. झटके येतात, गिळता येत नाही, जबडा लोंबतो. डॉक्टरच्या हातात औषध असतं, पण ते द्यायचं नसतं. याचं कारण २००१ च्या नियमांतच दिलं होतं: नुसत्या संशयावरून कुत्री मारली तर शहरात रेबीज खरोखर किती आहे, हे कळतच नाही. शिवाय ते कुत्रं कुणाला चावलं असेल, तर ते दहा दिवसांनंतरही जिवंत आहे का, ही माहिती त्या माणसाच्या उपचारासाठी मोलाची असते. एका जिवाच्या यातना आणि अख्ख्या शहराचं आरोग्य यांत नियमाने शहर निवडलंय. समोर उभ्या असलेल्या डॉक्टरला ते सोपं जात असेल, असं समजायचं कारण नाही.

याच्या अगदी उलट टोकाला भुलेश्वरचा पांजरापोळ. १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या हुकमाने भटकी कुत्री मारायला सुरुवात झाली, त्यावरून मुंबईत पारशांनी दंगल केली. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने पांजरापोळ सुरू झाला. तिथलं तत्त्व एका ओळीचं: जनावर म्हातारं होवो, लुळं होवो, सांभाळायचं, पण मारायचं नाही. डॉक्टरसमोर येणारी कुटुंबं आजही याच संस्कारातली असतात. 'देवाच्या मनात असेल तेव्हा जाईल' असं सांगून किडनी निकामी झालेलं कुत्रं घरी नेणारे असतात, आणि गिरगावची खोली सोडून परदेशी निघालोय म्हणून धडधाकट कुत्र्याला इंजेक्शन द्या म्हणणारेही.

धडधाकट प्राण्याला मारायला डॉक्टर नाही म्हणू शकतो. पण मग ते कुत्रं जातं कुठे? बऱ्याचदा रस्त्यावर. प्राणी असा टाकून देणं कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला या कायद्यात दंड किती, तर १० ते ५० रुपये. यात वडापावही जेमतेमच येतील.

पैशांचा प्रश्न तर रोजचा. ऑपरेशनने बरं होईल, पण घरच्यांना परवडत नाही. अशा वेळी पूर्ण खर्चाचा आकडा सांगायचा, की कमी खर्चात वेदना आवरणारा मार्ग पुढे करायचा? दोन्ही सांगावे लागतात, आणि घरच्यांना अपराधी न वाटवता.

निर्णय नुसत्या भावनेवर होऊ नये म्हणून ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यक बाईंनी एक मोजपट्टी केली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना ० ते १० गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल, तर सांभाळत राहायला हरकत नाही. घरात आजारी प्राणी असेल तर हे गुण रोज कॅलेंडरवर लिहून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर 'काल बरा होता हो' यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

निर्णय झालाच, तर आधी गुंगीचं औषध देतात, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. शुद्ध जाते, श्वास थांबतो, मग हृदय. डोळे बऱ्याचदा उघडेच राहतात, ते वेदनेमुळे नाही. पाळीव प्राण्यासाठी त्याआधी मालक संमतीपत्रावर सही करतो. लालबागच्या चाळीखाली रोज दूध-पोळी घालणाऱ्या काकू गल्लीतलं कुत्रं रिक्षा मिळत नाही म्हणून टॅक्सीतून घेऊन आल्या, तर त्या मालक नसतात. तरीही ते कधीपासून जेवत नाही, हे डॉक्टर आधी त्यांनाच विचारतो.